चार काठांची नदी
— बी. ए. तृतीय वर्ष (भूगोल)

'पात्र' हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. देवघरात पूजेचे पात्र असते, पंगतीत जेवणाचे पात्र वाढले जाते, रंगभूमीवर नाटकातील पात्र वावरते आणि गावाबाहेर नदीचे पात्र पसरलेले असते. शिवाय माणूसही कशाला तरी पात्र असतो किंवा अपात्र ठरतो. यांतील पहिल्या भांड्याचे काम सरळ आहे. तांबटाने ते आधी घडवायचे आणि मग कोणीतरी त्यात पाणी ओतायचे. नदीच्या पात्राचे सारेच उलटे! तेथे जे ओतले जाते तेच भांडे घडवीत असते. पाणीच कुंभार, पाणीच चाक आणि मडक्यात भरायचे तेही पाणीच.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास छापून येते : 'नदीने पात्र सोडले.' लहानपणापासून हे वाक्य मी वाचत आले. भूगोलाचा अभ्यास करू लागल्यापासून मात्र ते मला खटकू लागले आहे. आपले पात्र केवढे हे नदीला ठाऊक असते. ते आपल्याला ठाऊक असते का, हा खरा प्रश्न आहे. आमच्या घरात गेले वर्षभर याच प्रश्नावर वाद चालू आहे आणि त्या वादात आमच्या शेताचा एक तुकडा, एक विहीर आणि दुसऱ्यांची आठ-दहा घरे गुंतलेली आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची नदी कयाधू. नाव पुराणातले आहे. भक्त प्रल्हादाच्या आईचे नाव कयाधू होते. नदी मात्र गंगा-गोदावरीसारखी पुराणप्रसिद्ध नाही. वाशीम जिल्ह्यात रिसोडच्या बाजूला ती उगम पावते, हिंगोली जिल्ह्यात शिरते आणि सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहत नांदेड जिल्ह्यात जाऊन पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला आणि प्राणहिता गोदावरीला. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेची पूर्णा नदी जवळच्या वाटेने थेट गोदावरीत जाते. कयाधूचे पाणी मात्र विदर्भाची प्रदक्षिणा घालून त्याच गोदावरीला भेटते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या नरसीला वारकरी हात जोडतात ती नरसी कयाधूच्याच काठी. हिंगोली शहरही तिच्याच काठी. एवढा तिचा मोठेपणा आम्हांला पुरे आहे.

पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ साली झाली, पैनगंगेवर इसापूरचे धरण १९८२ साली पूर्ण झाले. कयाधूवर तेवढे मोठे धरण नाही. त्यामुळे पावसाने दिलेले पाणी ती जवळजवळ जसेच्या तसे खाली आणते. आमच्या भागात वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हिवाळा सरता सरता धार बारीक होते आणि चैत्र-वैशाखात नदी डोहांपुरती उरते. जिच्या कोरड्या वाळूतून उन्हाळ्यात शेरडे चालत जातात, तिच्या पैलथडीला भाद्रपदात आवाजही पोहोचत नाही, अशी ही आमची नदी.

आमचे शेत कळमनुरी तालुक्यात, तिच्या एका वळणावर आहे. शेताच्या बांधावरून पाण्याकडे निघाले की आधी एक उंच दरड उतरावी लागते. दोन पुरुष सहज उंच असेल. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर चिकट थर आणि अगदी तळाशी गोल गोट्यांचा पट्टा. इतके उतरूनही पाणी लागत नाही. आधी एक लांबट सपाट पट्टा लागतो. त्याच्यावर बाभळी आहेत, निर्गुडीची झुडपे आहेत, मध्येच वाळूचे ढिगारे आहेत. दिवाळीनंतर ओल असली तर कोणी तेथे हरभरा टाकतो. हा पट्टा ओलांडला की आणखी एक काठ येतो, बुटका, कमरेएवढा. त्याच्या खाली मात्र वाहती नदी. पलीकडेही हाच क्रम : आधी बुटका काठ, मग पट्टा, मग उंच काठ. म्हणजे शाळेत शिकवतात त्याप्रमाणे नदीला दोन काठ नाहीत. आमच्या कयाधूला चार काठ आहेत.

हे चार काठ कोणी केले?

याचे उत्तर शोधताना मला आमचे घर आठवले. आमचे घर मातीचे आहे. आई ते रोज झाडते. दरवर्षी दिवाळीच्या आधी सारवण होते, भिंतींना पोतेरा दिला जातो, पडलेले कोपरे लिंपले जातात. आणि पिढीतून एखादे वेळी, थोरल्या मुलाचे लग्न ठरले म्हणजे, एक भिंत पाडून घर वाढवले जाते. आता या घराला आजचा आकार कोणी दिला? रोजच्या झाडण्याने, दरसालच्या लिंपणाने, की एकदाच पाडलेल्या त्या भिंतीने? नदीचेही असेच आहे. तिचे एक रोजचे पाणी असते. वर्षातून एखाद-दोन वेळा ती बुटक्या काठापर्यंत काठोकाठ भरते. आणि कधीतरी महापूर येतो. या तिघांतला खरा कारागीर कोण, यावर जगातल्या नदीशास्त्रज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे.

अभिमानाची गोष्ट म्हणजे या विचाराचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या महाराष्ट्रात घडला. पुण्याजवळ खडकवासल्याला जलसंशोधनाचे एक मोठे केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ साली मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातून झाली. तेथे क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने नद्यांच्या आणि कालव्यांच्या लहान प्रतिकृती करून वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता की, नदीतील पाणी तर रोज बदलते, मग तिच्या पात्राचा आकार नेमक्या कोणत्या पाण्याला धरून ठरतो? त्यांनी एका 'प्रभावी प्रवाहाची' कल्पना मांडली. बदलत्या पाण्याऐवजी एकच प्रवाह सतत वाहू दिला, आणि तरीही पात्राची रुंदी, खोली आणि वळणे आज आहेत तशीच टिकली, तर तो प्रवाह त्या नदीचा प्रभावी प्रवाह समजावा. १९४९ साली त्यांचा यावरचा ग्रंथ पुण्याहूनच प्रसिद्ध झाला.

पुढे १९६० साली अमेरिकेत वॉलमन आणि मिलर या दोघांनी याच प्रश्नाला हिशेबाची जोड दिली. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे : रोजचे पाणी खूप दिवस वाहते, परंतु त्याच्या अंगात बळ नसते. महापुरात बळ अफाट असते, परंतु तो क्वचित येतो आणि दोन दिवसांत ओसरतो. बळ आणि वारंवारता यांचा गुणाकार केला तर सर्वांत जास्त माती-वाळू वाहून नेणारे पाणी मधलेच निघते. ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारे, काठोकाठ भरून वाहणारे पाणी असते. बऱ्याच नद्यांचा काठ याच पाण्याच्या मापाने बेतलेला आढळतो. थोडक्यात, त्यांच्या मते घर घडते ते दरसालच्या लिंपणाने.

हे वाचले तेव्हा आमच्या बुटक्या काठाचा उलगडा झाला. कमरेएवढा तो काठ कयाधूच्या दरसालच्या भरल्या पाण्याचे माप आहे. साधारण पावसाळ्यात एक-दोन वेळा ती तेवढी भरते, पट्ट्यावर जेमतेम पाऊल टाकते आणि परतते. मात्र दोन पुरुष उंचीचा वरचा काठ या हिशेबात बसेना. एवढे रुंद, एवढे खोल भांडे कोणत्या पाण्यासाठी?

त्याचे उत्तरही आपल्याच देशातल्या अभ्यासकांनी दिले आहे. वॉलमन-मिलरच्या नद्यांचे पाणी वर्षभरात त्या मानाने थोडे कमी-जास्त होते. मोसमी पावसाच्या नद्यांचा स्वभाव निराळा. त्यांचे सारे आयुष्य चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांचेही सारे बळ चार-दोन दिवसांत एकवटलेले. पुणे विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह नर्मदा आणि तापी यांच्या खडकाळ दऱ्यांतील जुन्या पुरांचे गाळ अभ्यासले. महापूर चढतो तेव्हा कडेच्या कपारींत त्याचा बारीक गाळ बसतो आणि शेकडो वर्षे तसाच राहतो; त्या थरांवरून नोंदवह्या सुरू होण्याआधीचे पूरही वाचता येतात. अशा नद्यांच्या खडकाळ तळाला आणि मोठमोठ्या धोंड्यांना हात घालण्याचे बळ रोजच्या पाण्यात नसते; ते मोठ्या पुरातच असते, असे या अभ्यासातून दिसले. अविजित गुप्ता या भूगोलज्ञांनी मोसमी प्रदेशातील नद्यांचे 'पात्रात पात्र' दाखवून दिले. आत दरसालच्या पाण्याचे लहान पात्र आणि त्याला पोटात घेणारे महापुराचे मोठे पात्र.

पुराच्या अंगी एवढे बळ कोठून येते? विल्यम हॉपकिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात एक नियम मांडला होता. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो पूर्वीच्या ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतो. वेग तिप्पट झाला तर ७२९ पट! उन्हाळ्यात सुपारीएवढा खडा ढकलताना जिची दमछाक होते तीच नदी पुरात धोंडे गडगडवीत का नेते, हे या एका आकड्यात कळते. पुराच्या रात्री आमच्या घरात ऐकू येणारा तो खोल गडगडाट म्हणजे तळाच्या दगडांची वाटचाल असते.

तेव्हा आमच्या चार काठांचा अर्थ असा. आतले दोन काठ दरसालच्या पाण्याने लिंपलेले आणि बाहेरचे दोन काठ महापुरांनी पाडून मागे सारलेले. मधला पट्टाही नदीच्याच घरातला आहे. ती त्याला दहा-वीस वर्षे हात लावत नाही, एवढेच. आपण मात्र दहा-वीस वर्षांना 'कायमचे' म्हणतो.

आता आमच्या शेताकडे येते. शेत वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे. नदी वळते तेथे बाहेरचा काठ कापला जातो आणि आतल्या काठाला वाळू साचते, हे आपण शाळेत शिकतो. का, हे चहाच्या कपात दिसते. चहा चमच्याने ढवळा आणि चमचा काढून घ्या. चोथ्याचे कण कडेला फेकले जातील असे वाटते, पण ते तळाशी मध्यभागी गोळा होतात. वरचे पाणी बाहेर रेटले जाते आणि तळाशी घासून मंदावलेले पाणी आत सरकते. कणांना ते सोबत नेते. नदीच्या वळणांचा हाच उलगडा करणारा लेख १९२६ साली खुद्द आइन्स्टाइन यांनी लिहिला होता. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते आणि तळाचे पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे जाते. आमच्या बाजूला दरड, पलीकडे मळई. आमचे जे जाते ते सगळे नेमके समोरच पडते असे नाही. पुष्कळसे खालच्या वळणांना जाते. पण रोज सकाळी समोरची मळई पाहणाऱ्या माणसाला हे पटवणे अवघड असते.

२०२४ च्या सप्टेंबरचे पहिले दोन दिवस मराठवाडा विसरणार नाही. हिंगोली, नांदेड, परभणीकडे अतिवृष्टी झाली आणि कयाधू वरच्या काठापर्यंत चढली. त्या रात्री आम्ही कोणी झोपलो नाही. पाणी रात्रभर दरडीला धडका देत होते, पण सकाळी दरड जागच्या जागी होती. बांधावरचा लिंबही उभा होता. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आजोबा मात्र गप्प होते. ते म्हणाले, "पूर चढताना भिऊ नाई माय, उतरताना भ्यावं."

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. पाणी खाली गेले होते. दुपारी, वारा नाही, पाऊस नाही, अशा वेळी लिंबासकट दरडीचा लांबच लांब पट्टा खाली बसला. आवाज असा झाला की गोठ्यातली जनावरे उठून उभी राहिली. पुस्तकात या गोष्टीला मोठे नाव आहे. आजोबांनी ती एका वाक्यात सांगितली होती. पुरात काठाची माती पाणी पिऊन जड होते. पूर असेतो बाहेरचे पाणीच तिला टेका देऊन धरते. पूर झपाट्याने उतरला की टेका निघून जातो, आतले पाणी मात्र आतच अडकलेले असते. आपल्याच ओझ्याने काठ कोसळतो. त्यात आमची काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी थेट पोटात शिरते.

खाली पडलेला तो ढिगारा दरडीच्या पायाशी टेकू होऊन राहिला असता तर निदान काही वर्षे निभावली असती. पुढच्या वर्षी जून-जुलैच्या साध्या पाण्याने तो हळूहळू उचलून नेला. लाल पाणी, गुडघाभर, कोणाला भीती वाटणार नाही असे. त्याने दरडीचा पाया पुन्हा उघडा केला. तेव्हा मला समजले की साधे पाणी आणि पुराचे पाणी यांत मोठे-धाकटे ठरवण्यात अर्थ नाही. एक पाडतो, दुसरा आवरून ठेवतो. एकाच घरातले हे दोघे कामकरी आहेत. माझ्या लहानपणी विहीर आणि दरड यांच्यामध्ये बैलगाडी वळत असे. आज तेथे बैलजोडी शेजारी-शेजारी उभी राहणार नाही.

वाद सुरू झाला तो येथून. काका म्हणाले, "आबा, आता कुठवर पाहत बसाचं? दोन दिवस पोकलेन लावू, पलीकडच्या मळईतून सरळ चर काढू. नदी सरळ गेली की आपली दरड सुटली." काकांचे म्हणणे वेडेपणाचे नाही. त्यांच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, हळदीचे सारे पीक त्या विहिरीवर आहे आणि विहीर गेली तर ते शेत कोरडवाहू होते. वळण हे त्यांच्या दृष्टीने नदीचे व्यसन आहे आणि ते सोडवले पाहिजे.

परंतु वळण हे नदीचे व्यसन नसते, तो तिचा हिशेब असतो. लिओपोल्ड आणि वॉलमन यांनी अनेक नद्या मोजून पाहिल्या, तेव्हा एका वळणापासून तशाच पुढच्या वळणापर्यंतचे अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट भरले. लहान ओहोळ असो वा महानदी, प्रमाण बहुधा तेच. वळणे काढून टाकली की काय होते? वाट आखूड होते, पण उतरायची उंची तेवढीच राहते. म्हणजे उतार वाढला, वेग वाढला, आणि वेगाचा हिशेब तर वर आलाच आहे. आमच्या दरडीवरून टळलेले पाणी जास्त जोराने पुढच्या वळणावर जाणार.

आणि पुढच्या वळणावर आमच्याच गावातली ती आठ-दहा घरे आहेत. दोन काठांच्या मधल्या पट्ट्यावर ती वसली आहेत. ज्यांना गावठाणात जागा मिळाली नाही अशांची ती घरे. पट्टा सपाट, पाणी जवळ, कोणाची हरकत नाही; मग दुसरीकडे कोठे जावे त्यांनी? २०२४ च्या त्या रात्री तेथली माणसे शाळेत आणून ठेवली होती. पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेले. "उंबऱ्यापस्तोर आलं, आत नाई आलं," असे तेथली एक आजी मला सांगत होती. जणू नदीनेच पायरीचा मान राखला असावा. पुढच्या वेळी तिच्या वाटेला सरळ चर जोडून दिला तर तो मान राहील काय?

परदेशातील एक उदाहरण मी घरात सांगितले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात किसिमी नावाची नदी आहे. तिच्या पुरांना कंटाळून १९६२ ते १९७१ या काळात तिचा सरळ कालवा करण्यात आला. सुमारे १६५ किलोमीटर वळणावळणाने जाणारी नदी सुमारे ९० किलोमीटरांत बसवली. काठचे पाणथळ प्रदेश सुकले, पाखरे गेली, मासे गेले. शेवटी त्याच कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणे परत आणण्याचे काम १९९९ मध्ये सुरू झाले आणि २०२१ मध्ये पुरे झाले. सरळ करायला नऊ वर्षे लागली, वाकडी करायला बावीस! आणि आपल्याकडे बिहारच्या कोसीने २००८ च्या ऑगस्टमध्ये काय केले ते सर्वांना आठवतच असेल. नेपाळातील कुसहा येथे बांध फुटला आणि नदी आपल्या जुन्या वाटेने निघाली. त्या वाटेवर तोवर गावे उभी राहिली होती.

काका हे सगळे ऐकून म्हणाले, "तुझी अमेरिका ऱ्हाऊ दे. सातबारा कुणाच्या नावावर हाये?"

हा प्रश्नही टाळता येणारा नाही. सातबारा आमच्या नावावर आहे. लिंब उभा होता ती जागाही कागदावर अजून आमचीच आहे, आणि आज तेथे पाणी वाहते. कायद्यालाही ही अडचण माहीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यात नदीने नव्याने टाकलेल्या मळईच्या जमिनीविषयी आणि पाण्याने वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करण्याविषयी तरतुदी आहेत. म्हणजे नदी जमिनीची देवघेव करते हे सरकारनेही मान्य केले आहे. शासन नद्यांच्या कडेने दोन पूररेषा आखते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असे नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, गेल्या वर्षी आला असला तरीही. नकाशावर ज्या रेषा आता शाईने काढल्या जातात, त्यांच्याच जातीच्या रेषा नदीने फार पूर्वीच मातीत काढून ठेवल्या आहेत. त्यांनाच मी काठ म्हणते आहे.

वाळूचा विषय काढल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. साधे पाणी वर्षानुवर्षे जी वाळू आणून टाकते ती एका रात्रीत ट्रॅक्टरांनी उचलली जाते. तळ खोल गेला की दरड आपोआप उंच होते, आणि उंच दरड लवकर कोसळते. विहिरींचे पाणीही खोल जाते. जो नदीकाठी राहत नाही त्याला वाळू म्हणजे बांधकामाचा माल वाटते. पण वाळू हे नदीचे अंथरूण आहे आणि आमच्या विहिरींचे पांघरूण.

शेवटी आमच्या घरी काय ठरले? सरळ चर काढायचा नाही, असे आजोबांनी सांगितले. "पल्याडच्याच्या मळईत चर काढून आपली विहीर वाचवाची, अन् खालच्या वस्तीला बुडवाचं? नाई जमणार," एवढेच ते बोलले. काकांना ते पटले असे म्हणता येणार नाही. वडीलधाऱ्यांपुढे ते गप्प राहिले. दरडीच्या कडेची आठ तासे यंदा पेरली नाहीत. तेथे बांबू, करंज आणि वाळा लावला आहे. दाट मुळ्या माती धरून ठेवतात. मोठा पूर त्यांनाही घेऊन जाऊ शकतो, हे आम्ही जाणतो. विहिरीतील मोटार पावसाळ्यापुरती वर काढून ठेवायची आणि जमेल तेव्हा शेताच्या वरच्या अंगाला बोअर घ्यायचा, असा विचार आहे. पैसे कोठून येणार, हा विचार अजून व्हायचा आहे. वस्तीतील घरांना वरच्या काठापलीकडे जागा मिळावी म्हणून ग्रामसभेत अर्ज दिला आहे. तो मीच लिहून दिला. त्यात आइन्स्टाइनचे नाव घातले नाही. उंबऱ्यापर्यंत पाणी आले होते, एवढेच लिहिले. उत्तर यायचे आहे आणि त्याच्या आधी आणखी एक पावसाळा येईल.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण कयाधू, पूर्णा, पैनगंगा, आसना आणि त्यांच्या ओढ्यांच्या काठची गावे सोडून येथे शिकायला आलेले आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाल तेव्हा नदी कोरडी असेल. तीच तिला पाहण्याची उत्तम वेळ असते, कारण तेव्हा भांडे रिकामे असते. पाण्याच्या धारेजवळचा बुटका काठ पाहून थांबू नका. पाठ वळवून गावाकडे चालत या आणि दुसरा, उंच काठ कोठे आहे तो शोधा. कधी तो बाभळीत लपलेला असेल, कधी त्याच्यावर रस्ता झालेला असेल, कधी नांगराने त्याचा उतार मोडलेला असेल. पण तो असतो. मग त्या काठाच्या आत कोणाकोणाची घरे आहेत ती मोजा. तेवढा आकडा घेऊन आलात तरी आपल्या भूगोल विभागाला वर्षभर पुरेल एवढे काम होईल, आणि गावाला कदाचित त्याहून अधिक काळ पुरेल असे शहाणपण.